तिथं कोन हाये आपलं? जिल्ह्याबाहेरची सरकारी शाळा आणि आपले आईवडील

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पालक शाळा कशी निवडतात, विशेषतः आपला जिल्हा सोडून दुसऱ्या जिल्ह्यातली सरकारी शाळा का आणि कशी निवडतात, यावर मी बोलावं असं ठरलं आहे. मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे आणि माझा अभ्यासविषय याच्या जवळचा आहे. पण सुरुवात मी गेल्या महिन्यात आलेल्या एका फोनपासून करते.

फोन माझ्या थोरल्या भावाचा होता. दादा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. त्याची मुलगी गावी, बुलढाणा जिल्ह्यात, माझ्या मायजवळ राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकते. दादा म्हणाला, "तू शाळेवरच पीएचडी करून रायली ना? मंग सांग, पोरीले कुठं टाकू?"

चार वर्षं मी याच प्रश्नावर वाचते आहे, पालकांशी बोलते आहे. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते का देता आलं नाही, हेच आज तुमच्यासमोर मांडते.

शाळानिवडीवरचं पुष्कळसं लिखाण असं गृहीत धरतं की पालक हा एक ग्राहक आहे. तो निकाल बघतो, फी बघतो, माध्यम बघतो, अंतर बघतो आणि ठरवतो. कायदा दुसरंच गृहीत धरतो. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात सर्वांसाठी समान शाळा आणि शेजारशाळा यांची शिफारस केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शेजारशाळेचीच कल्पना आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर धरलेलं आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शाळा घराजवळच असते.

मग एखादा भूमिहीन मजूर जवळची फुकट शाळा सोडून पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या फुकट शाळेत पोर का पाठवतो? फी वाचवायची म्हणावं, तर दोन्हीकडे फी नाही. माध्यम म्हणावं, तर दोन्हीकडे मराठीच. ग्राहकाचं गणित इथे लागू पडत नाही.

आमच्या घरचं गणित सांगते. गावची शाळा सातवीपर्यंत होती. पुढे पाच किलोमीटरवर शेजारच्या मोठ्या गावात एका संस्थेचं अनुदानित हायस्कूल. दादा तिथे गेला. तो आठवीत असताना चौदा एप्रिलच्या मिरवणुकीवरून गावात भांडण झालं आणि काही आठवडे आमच्या वस्तीवर बहिष्कार पडला. पिठाची गिरणी बंद, शेतातली कामं बंद. ते सगळं शाळेच्या वर्गातही पोचलं. दादाच्या बाकावर कोणी बसेना. वर्गात शिक्षक म्हणायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." उभं राहिलं की वर्ग हसायचा. नववीत त्याने शाळा सोडली. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा आहे. शासनाच्या लेखी दादा शाळेत यायचा थांबला, एवढंच. त्याला कोणी थांबवलं याचा रकाना त्या पटावर नाही.

म्हणून माझी सातवी झाली तेव्हा बाबांनी मला त्या हायस्कुलात घालायचं नाही असं ठरवलं. मग कुठे? तालुक्याच्या गावाला एक चांगली शाळा होती. कोणीतरी चिखलीचं नाव सुचवलं. बाबा प्रत्येक शाळेबद्दल एकच प्रश्न विचारायचे, "तिथं कोन हाये आपलं?" निकाल किती टक्के, गणिताला शिक्षक आहे का, प्रयोगशाळा आहे का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांना हे विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं. जालन्याला मावशी होती. काका तिथल्या एका स्टीलच्या कारखान्यात कामाला होते. एवढ्यावर माझी शाळा ठरली. जिल्हा बदलला, महसुली विभागही बदलला.

अभ्यासाच्या निमित्ताने पालकांशी बोलताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू येतो. हिंगोली जिल्ह्यातल्या एका आईने मुलाला परभणीला पाठवलं, कारण तिथल्या वसतिगृहाचे गृहपाल तिच्या माहेरच्या गावचे होते. "रात्री ताप आला तर ते मला फोन करतील," एवढंच ती म्हणाली. एका वडिलांनी सांगितलं, "शहरात आडनाव विचारतात, पण रोज रोज विचारत नाहीत." तिसऱ्या एका आजीने बसचं भाडं आणि मुक्कामी गाडीची वेळ तोंडपाठ सांगितली. दिवाळीला पोर परत कसं येणार, हा तिच्या निवडीतला सगळ्यात मोठा मुद्दा होता.

समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण तो आपल्या घरांना लावताना थोडं थांबावं लागतं. सवर्ण घराचं सामाजिक भांडवल म्हणजे संस्थेचा अध्यक्ष ओळखीचा असणं. आपलं म्हणजे कारखान्यात मजुरी करणारा काका आणि त्याची एक खोली. जिल्ह्याबाहेर शाळा निवडताना आपले पालक आधी माणूस निवडतात, शाळा मागून येते. ज्यांचं बाहेर कोणीच नाही, त्यांची निवड पाच किलोमीटरवरच्या त्या हायस्कुलापाशी संपते. त्यांना आपण 'शिक्षणाबद्दल उदासीन पालक' म्हणतो.

ही गोष्ट नवी नाही. सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. महाराष्ट्रात आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे १९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी कुटुंब घेऊन सातारा सोडून मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. भीमराव काही काळ मराठा हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. एल्फिन्स्टन ही सरकारी शाळा होती आणि मुंबईतली नावाजलेली होती. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने मुलींचे दागिने गहाण ठेवून मुलाला पुस्तकं आणून दिली. एका खोलीत मुलगा लवकर झोपायचा आणि पहाटे दोनला वडील त्याला उठवायचे.

आपण ही गोष्ट कष्टाची म्हणून सांगतो. माझ्या अभ्यासाच्या नजरेने बघितलं तर ती जिल्हा सोडून सरकारी शाळा निवडणाऱ्या एका बापाचीही गोष्ट आहे. आणि तिचा दुसरा भागही लक्षात ठेवला पाहिजे. त्या नावाजलेल्या शाळेतही भीमराव फळ्याकडे निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाजूला घ्यायला पोरं धावली. संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना पर्शियन घ्यावं लागलं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. जिल्हा ओलांडला म्हणून जात मागे राहिली नाही. बदललं ते एवढंच, की तिचा सामना करायला जागा मिळाली.

त्या जागेची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा मुली मोजतात. मावशीने मला मायेने ठेवलं, याबद्दल मला शंका नाही. पण पाच माणसांच्या त्या एका खोलीत मी पाहुणी नव्हते. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा भांडी मीच भरायची, संध्याकाळी भांडी मीच घासायची. कोणी सांगितलं नव्हतं. राहण्याचं भाडं पैशांत देता येत नसेल तर ते कशात द्यायचं हे तेरा वर्षांच्या मुलीला आपोआप कळतं. माझ्या मावसभावाकडून ती अपेक्षा नव्हती. अशा मुलींच्या अभ्यासाचे तास कुठे जातात, हे शाळेच्या निकालपत्रात दिसत नाही.

आता कागदांकडे वळते, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाने हे कागद कधी ना कधी हातात धरलेले आहेत.

माझ्या दाखल्यासाठी बाबांनी २०१० च्या जूनमध्ये शाळेत पाच चकरा मारल्या. दर वेळी उद्या या. एक मुलगी गेली तर पट कमी होतो आणि पटावर शिक्षकांची पदं ठरतात, हे मला नंतर कळलं. त्याच वर्षी १ एप्रिलला शिक्षणहक्क कायदा लागू झाला होता. त्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे: मूल राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा. दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही आणि उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र असतो. मी आठवीत जात होते, म्हणजे कायदा मला लागू होता. बाबांना हे सांगणारं कोणी नव्हतं. पाच दिवसांची मजुरी बुडाली.

दुसरा कागद जातीचा. महाराष्ट्रात जातीचं प्रमाणपत्र मूळ गाव ज्यांच्या हद्दीत येतं त्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून घ्यावं लागतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या दिवशी तुमचं कुटुंब कुठे राहत होतं, हे बघितलं जातं. म्हणजे आजोबा ज्या गावकुसाबाहेर राहत होते तोच आपला कायमचा पत्ता. बाप जिल्हा सोडतो, तो जिल्हा दाखल्यातून आपल्या मागे येतो. शाळेच्या दाखल्यावर कारकुनाने कुठे 'महार', कुठे 'बौद्ध', कुठे 'नवबौद्ध' लिहिलेलं असतं. शाळा बदलताना जुनीच नोंद पुढे उतरते. पडताळणीच्या वेळी तीच आडवी येते आणि शाळा सोडल्यानंतर ती दुरुस्त करून घेणं फार अवघड जातं.

तिसरी गोष्ट नवोदयची. ग्रामीण मुलांसाठी केंद्र सरकारने काढलेली ही निवासी शाळा. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, त्यातली एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आपल्या कित्येक घरांचं पहिलं स्वप्न हेच असतं. पण तिचा नियम जिल्ह्याचा आहे. मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवीत शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत झालेली हवीत. मधे एक दिवस जरी शहरी शाळेत काढला तरी मूल शहरी धरलं जातं.

आता माझ्या पुतणीचं बघा. दादाने तिला पाचवीला चाकणला नेलं, तर चाकण नगरपरिषदेचं गाव आहे. ग्रामीण जागेवरचा हक्क गेला आणि बुलढाणा जिल्हाही गेला. जो बाप पोटासाठी जिल्हा बदलतो, त्याच्या लेकराला हा नियम सगळ्यात आधी लागतो. गंमत म्हणजे याच नवोदयमध्ये नववीतल्या काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात, राष्ट्रीय एकात्मता म्हणून. सरकारने पाठवलं की ती एकात्मता असते. मजुराने स्वतः नेलं की त्याचे कागद अपुरे पडतात.

राज्य ओलांडलं तर आणखी कठीण. १९९० साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका विद्यार्थ्याचं प्रकरण आलं होतं. वडिलांच्या नोकरीमुळे तो लहानपणी आंध्रातून मुंबईत आला आणि तिथेच शिकला. मूळ राज्यात त्याची जमात अनुसूचित होती. न्यायालयाने सांगितलं की मूळ राज्यातला दर्जा स्थलांतर केलेल्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही. इथे हैदराबादमध्ये बांधकामावर नांदेड, लातूरहून आलेली माणसं तुम्हाला रोज भेटतात. ज्या राज्यात त्यांची मुलं वाढतात, तिथले समाजकल्याण गुरुकुल त्यांना दुरूनच बघावे लागतात.

त्या गुरुकुलांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. १९७१ मध्ये नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वैलला पहिली निवासी शाळा निघाली आणि त्यातून इथे एक परंपरा तयार झाली. २०१४ साली तेरा वर्षांच्या मालावत पूर्णाने एव्हरेस्ट सर केलं, ती समाजकल्याण निवासी शाळेचीच विद्यार्थिनी. इथल्या दलित आईबापांनाही मूल घरापासून लांब पाठवावं लागतं. पण तिथं आपलं कोण आहे, या त्यांच्या प्रश्नाला शासनाने काही प्रमाणात तरी उत्तर दिलं आहे: राहायला जागा आहे, जेवण आहे, आणि शेजारच्या पलंगावर आपल्यासारखंच मूल आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी शतकापूर्वी हेच ओळखलं होतं. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली निघालं. शाळा उघडी करून भागत नाही, दूरच्या मुलाला छप्पर लागतं, हे त्यामागचं साधं शहाणपण होतं.

आता एक अडचणीचा प्रश्न. आपण सगळे गाव सोडून शिकलो. आपल्या मागे गावच्या शाळेचं काय झालं? ज्यांना शक्य होतं ते बाहेर गेले, पट उतरला, आणि पट उतरला म्हणून शाळा बंद करायची भाषा सुरू झाली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करायचा निर्णय झाला. पुढे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार पुढे आला. पट कमी असलेली शाळा बहुतेक वेळा वस्तीवरची, तांड्यावरची, पाड्यावरची असते. तिथे शेवटी उरतं ते बाहेर कोणी नसलेलं मूल.

मी यासाठी बाबांना दोष देणार नाही आणि स्वतःलाही देणार नाही. बहिष्कार टाकणाऱ्या गावातल्या शाळेचा पट टिकवणं ही तेरा वर्षांच्या दलित मुलीची जबाबदारी नव्हती. पण बाबासाहेबांकडे पुन्हा बघा. रामजींनी मुलाला शाळेकडे नेलं. त्या मुलाने मोठं होऊन शाळा-कॉलेज लोकांकडे नेलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज, सोबत वसतिगृह. मुंबईत आधी कॉलेज निघालं होतंच, तरी मराठवाड्यातल्या मुलांनी तिथे यावं असं ते म्हणाले नाहीत. ही दोन्ही कामं आपल्याला करायची आहेत. आज ज्या मुलीला बाहेर जायचं आहे तिला हात द्यायचा, आणि उद्या कोणाला बाहेर जावं लागू नये म्हणून गावच्या शाळेसाठी भांडायचं.

भांडणाचा भाग मोठा आहे, त्यावर वेगळं बोलू. हात द्यायचा भाग आज सुरू करता येतो. आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहोत. गावाकडून फोन येतो तेव्हा आपण स्पर्धा परीक्षेचं पुस्तक सुचवतो. त्याआधी हे विचारा: दाखल्यावर जात कशी लिहिली आहे? शाळा सोडण्यापूर्वी ती बघून घ्या. जातीचं प्रमाणपत्र काढलं का? नसेल तर दहावीची वाट बघू नका. नवोदयचा फॉर्म भरायचा असेल तर तिसरी ते पाचवी मुलाची शाळा बदलू नका. आठवीपर्यंत कोणी दाखला अडवत असेल तर कलम ५ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे सगळं एका कागदावर मावतं. आपल्या आईबापांना हा कागद कोणी दिला नाही.

आणि दादाच्या फोनचं काय झालं, ते सांगून थांबते.

मी त्याला नवोदयचा नियम सांगितला. पाचवी गावातच होऊ दे, फॉर्म मी भरते, म्हटलं. पण मोठ्यात मोठ्या नवोदयमध्येही सहावीला ऐंशी मुलंच घेतात, त्यामुळे नंबर लागेलच असं नाही, हेही सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "नाई लागला तर तुह्यापाशी ठेवशील का?"

तेव्हा मला कळलं की त्याने शाळा विचारलीच नव्हती. बाबांचाच प्रश्न तो विचारत होता. आणि मी विद्यापीठाच्या वसतिगृहात, दुसऱ्या राज्यात. इथे आणलं तर तिच्या जातीच्या दाखल्याचा इथे उपयोग नाही. मी दोन दिवस फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीशी बोलले. बीएला आम्ही एका खोलीत राहायचो. तीही घरातली पहिली पदवीधर, आता शिक्षिका आहे. ती म्हणाली, "सहावीला माझ्याकडे राहू दे. घराजवळ सरकारी शाळा आहे, मी बघून येते." ती आमच्या नात्यातली नाही, आमच्या जातीचीही नाही. दादाने पहिल्यांदा विचारलं, "लोकाच्या घरी कशी ठेवू?" मी म्हटलं, लोकं नाहीत, आपलीच आहे. आता तो विचार करतो आहे.

मैत्रिणीला मी एकच अट घातली आहे. पोरगी तिथे भांडी घासणार नाही. घासायची असतील तर दोघींनी मिळून घासायची.

तुमच्यापैकी कोणाची कुठल्या शहरात एखादी खोली असेल, एखाद्या सरकारी शाळेत ओळख असेल, तर नाव-पत्ता लिहून जा. गावाकडून कोणी विचारलं तर सांगता येईल, तिथं आपलं कोण आहे ते.

जय भीम.